घण्या पळायचा थांबला तेव्हा

माझ्या धाकट्या भावाला सगळे घण्या म्हणतात. हे नाव साइटवरच्या लोकांनी पाडलं, कारण पाडकामात घण त्याच्यासारखा कुणाला चालवता येत नाही. जिथे मशीन शिरत नाही, जिन्याखाली, दोन भिंतींच्या बेचक्यात, तिथे याला आत सोडतात. भिंतीवर तळहात फिरवून पहिला घाव कुठे घालायचा ते तो सांगतो आणि तिसऱ्या घावाला भिंत खाली येते. पण खरं सांगायचं तर नाव पडायच्या आधीपासून तो घणच होता. शाळेत त्याने एकाचा जबडा निखळवला. कामाला लागल्यावर मुकादमाचे पुढचे दोन दात पाडले. एकदा रांगेत मध्ये घुसला म्हणून एका धिप्पाड माणसाला काउंटरवर असा आपटला की काच फुटली आणि याच्याच कोपरात सात टाके पडले.

आमचं घराणंच हाताचं, त्याला कोण काय करणार? बाप तोंडाने कमी आणि पट्ट्याने जास्त बोलायचा. मी थोरली, म्हणून मध्ये पडायचे, दोघांच्या वाटचा मार खायचे, आणि बाप बाहेर गेला की धाकट्याला धरून सगळं वसूल करायचे. बाप गेला, घर राहिलं. बाहेरच्या खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन. आतल्या दोन खोल्यांत घण्या, माझी भावजय आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. मी लग्न केलं नाही. ज्याच्याशी ठरत होतं त्याच्या कानाखाली मी ठरायच्या आतच एक ठेवून दिली. असो.

भावजय एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते. आवाज इतका बारीक की निम्म्या पेशंटना आपला नंबर होऊन गेल्याचं घरी गेल्यावर कळतं. चार वर्षांपूर्वी घण्याने या बाईचं मनगट मोडलं. टीव्हीच्या रिमोटवरून सुरू झालं होतं, पुढचं त्यालाही आठवत नाही. हात पिरगाळून दाराच्या चौकटीवर आपटला. तो आवाज मी मशीनवर बसून ऐकला आणि शिवण अर्धी टाकून आत धावले. ती जमिनीवर बसून आपल्या हाताकडे बघत होती. रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दोन महिने ती मुलीला घेऊन माहेरी राहिली. परत आली ती दारातच उभी राहिली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"या घरात पुन्हा हात उठला की मी थांबणार नाही," ती म्हणाली. "लागला की नाही ते मी बघणार नाही. उठला, बस."

घण्याने मान हलवली. मीही हलवली. नंबर पुकारणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं काही सांगितलं होतं.

त्यानंतर आठवड्याभरातच त्याचं डोकं फिरलं. कपाळावरची शीर उभी राहिली, मुठी वळल्या, आणि आता काय करतो म्हणून मी उठेपर्यंत तो दार उघडून बाहेर पळत सुटला. चपला घालून पळाला तो! तासाभराने आला, अंगणात भडाभडा ओकला, आणि जेवून गप झोपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भावजयीने त्याला बूट आणून दिले. मग घरात एक रीतच पडली. त्याची शीर उभी राहिली की जो जवळ असेल त्याने काही न बोलता बूट त्याच्यापुढे ठेवायचे. मग समोर भरलं ताट असो की पाहुणे बसलेले असोत, तो बूट चढवायचा आणि जायचा. ताटावर झाकण पडायचं. पाहुण्यांना मी सांगायचे, "त्याला पोटाचा त्रास आहे." चार वर्षं हे असं चाललं. त्या चार वर्षांत त्याने घरात कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. हे मी कुणाच्याही समोर छातीठोक सांगेन.

रोज पळणाऱ्या माणसाला कुणीतरी मॅरेथॉनचं डोक्यात भरवणारच. बागेजवळ पळणाऱ्यांचा एक गट होता, त्यांना शिकवायला एक निवृत्त ड्रिलमास्तर. काटकुळे, शिट्टी गळ्यात, आणि तोंड असं की आमचा बापही वचकला असता. मास्तरांनी घण्याला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि म्हणाले, "हा पळत नाही, हा कुणाच्या तरी मागे लागलाय. पण पाय आहेत." बेचाळीस किलोमीटर, आठ महिन्यांची तयारी. घण्याने नाव घातलं आणि घरात चर्चेला दुसरा विषय राहिला नाही. पायाची दोन नखं काळी पडून गळाली. बनियनच्या शिवणीने काखा सोलवटल्या, छातीवर रक्ताचे दोन ठिपके यायला लागले. मी त्याच्या बनियनच्या सगळ्या शिवणी उसवून उलट्या बाजूने घातल्या. असलं काम मी पंचवीस वर्षांत कुणाचं केलं नव्हतं.

शर्यतीच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी शेवटची लांब दौड होती, बत्तीस किलोमीटर. मी स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. उजाडत होतं. चोविसाव्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या एका गाडीवाल्याने मागे न बघता दार उघडलं. घण्या सरळ दारावर आदळला. कोपर फुटलं, रक्त मनगटापर्यंत आलं. गाडीवाला वर म्हणतो, "दिसत नाही का रे?"

बस्स. घण्याने दार लाथेने लोटून बंद केलं, उघड्या खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली आणि त्याला अर्धा बाहेर ओढला. माणूस वजनदार होता, पण पोटापर्यंत खिडकीतून आला. त्याचं डोकं घण्याने दाराच्या कडेवर एकदा आपटलं, भुवईची कातडी फाटली, आणि दुसऱ्यांदा आपटायला मागे घेतलं. मी बोंबलले, "अरे, घड्याळ! घड्याळ चालू आहे तुझं!"

त्याने मनगटाकडे पाहिलं. हातातला माणूस सोडला आणि पळायला लागला. गाडीवाला खिडकीत वाळत घातल्यासारखा लोंबकळत राहिला. मी त्याच्या हातात पाण्याची बाटली कोंबली, "धुऊन घ्या," म्हटलं आणि स्कूटर पुढे काढली. उरलेले आठ किलोमीटर घण्याने त्या दिवसातले सगळ्यात जलद काढले. मला तर हसूच येत होतं. मी घरी येऊन भावजयीला रंगवून सांगितलं, पण ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, "दुसऱ्यांदा आपटलं का?"

"नाही," मी म्हणाले.

ती कोपराला पट्टी बांधायला गेली.

त्याच दुपारी मास्तर घरी आले आणि म्हणाले, "झालं. आता पळणं कमी. या आठवड्यात निम्मं, पुढच्यात त्याच्या निम्मं, शेवटच्यात नुसतं पाय मोकळे करायचे. बाकी खायचं आणि झोपायचं."

"तीन आठवडे?" घण्या म्हणाला.

"तीन आठवडे. कमवलंय ते पायात मुरू दे. आता जास्त पळशील तर मातीत घालशील."

शास्त्राप्रमाणे ते बरोबरच असेल. पण मास्तरांना आमच्या घराची रीत कुठे ठाऊक होती? आणि आम्हीही त्यांना सांगितली नाही. सांगणार काय, की हा पळाला नाही तर मारतो?

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्याचा गुडघा दुखायला लागला. सहाव्या दिवशी गुडघा थांबून टाच दुखायला लागली. मग घशात खवखव, मग छातीत कळ. रोज सकाळी वजनकाट्यावर, रोज संध्याकाळी शर्यतीच्या दिवसाचं हवामान. पाऊस दाखवला तर फोन आपटायचा, ऊन दाखवलं तरी आपटायचा. झोपेत लाथा झाडायचा. एकदा भावजय पलंगावरून खाली पडली आणि तिथेच उशी घेऊन झोपली. साइटवर त्याने सहाजणांचं काम एकट्याने करून टाकलं आणि वर पाडायची खूण नसलेली एक भिंतही पाडली. तिच्या पलीकडे कामगारांचे डबे ठेवलेले होते. सगळ्यांचं जेवण राडारोड्याखाली गेलं, आणि बोलायची कुणाची हिंमत झाली नाही.

एका संध्याकाळी भाजीत मीठ जास्त झालं. त्याने ताट भिंतीवर फेकलं. शीर उभी! मी बूट आणायला उठले, तर भावजय म्हणाली, "ताई, आज त्यांचं पळणं झालंय. मास्तरांनी पाचच सांगितलेत." घण्या उठला आणि त्याने कपाटाच्या दारात मूठ मारली. दाराचं प्लायवूड फुटून हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांत फळीच्या काड्या घुसलेल्या होत्या. भावजय त्या भोकाकडे बघत राहिली.

"कपाट आहे म्हणून थांबले," ती हळूच म्हणाली.

त्याच दिवशी शर्यतीचा छापील नंबर घरी आला होता. भाचीने तो ओल्या हातांनी उचलून बघितला, तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हिच्या बापाचं डोकं आधीच फिरलेलं, त्यात हिचे उद्योग! पोरगी मुकाट्याने आत गेली. भावजयीने माझ्याकडेही तसंच बघितलं, पण मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

पुढे कळलं की घण्या चोरून पळतो. पाच सांगितले तर चौदा. कामावर जातो म्हणून तास आधी निघायचा आणि साइटवर घामाने निथळत पोचायचा. उजव्या नडगीवर सूज आली, बोट लावलं की कळवळायचा. मास्तरांनी नडगी दाबून पाहिली आणि घराच्या दारात उभं राहून त्याला असा झापला की रस्त्यावरची माणसं थांबली. "हे हाड आतून चिरतंय, गाढवा! आणखी एकदा चोरून पळालास तर मोडेल. मग घरी बसून काठी घेऊन पळ!"

शर्यत रविवारी होती. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी भावजयीने बूट लपवले. माझ्या डोळ्यांदेखत. स्टुलावर चढून कपाटावर, सुटकेसच्या मागे.

"अगं, हे काय करतेस?" मी म्हणाले. "कुकर आहे तो. शिट्टीच काढून घेतलीस तर काय होईल?"

"चार दिवस, ताई. आठ महिने काढलेत त्यांनी. चार दिवसांसाठी पाय मोडायचा?"

"आणि तुझं काय मोडेल ते?"

ती स्टूल पुसत होती. म्हणाली, "ते मी त्यांना दारात सांगितलंय. बघू."

मला राग आला, पण तिचंही खोटं नव्हतं. त्याला पळू द्यावं तर पाय जाणार, नाही तर संसार. मी ठरवलं की आपण जागेवरून हलायचं नाही, आणि वेळ आलीच तर मध्ये पडायचं. ते मला चांगलं जमत होतं.

गुरुवारी दुपारी साइटवर ब्रेकरवाल्याने न सांगता काँक्रीट फोडायचं मशीन चालू केलं. छताचा एक तुकडा घण्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. पायापासून, ऐन शर्यतीच्या तोंडावर! घण्याने ब्रेकरवाल्याला खाली पाडलं आणि चारजणांनी ओढून काढेपर्यंत त्याचं तोंड फोडलं. मुकादमाने त्याला घरी पाठवला. त्याच्याबरोबर कामाला असणाऱ्याने मला फोन केला, "ताई, येतोय तो. सांभाळा."

तो आला तेव्हा शर्टावर दुसऱ्याचं रक्त होतं. खांद्यावर घणाचा नवा दांडा, जुना तडकला म्हणून बसवायला आणलेला. दांडा त्याने माझ्या मशीनला टेकून ठेवला. तसाच आत गेला. शीर अशी फुगली होती की मलाही बोलवेना.

आतून आवाज आला. "बूट कुठे आहेत?"

"रविवारी देते," भावजय म्हणाली.

"आत्ता दे."

"पाय बघा तुमचा. मास्तर म्हणालेत ना?"

"अगं, देतेस का!" आणि काहीतरी फुटलं. भाची रडत बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी उठले. दांडा आपसूक हाताला लागला का मी तो मुद्दाम उचलला, हे मला आज सांगता येणार नाही. पण दारात पोचले तेव्हा तो माझ्या हातात होता.

भावजय कपाटाला पाठ लावून उभी होती. घण्या तिच्या अंगावर वाकलेला, माझ्याकडे पाठ. "बाजूला हो," तो दात आवळून म्हणाला. ती हलली नाही. तिला हलताच येत नव्हतं. आणि त्याचा उजवा हात वर गेला, पार वर, तिच्या डोक्याच्या वर. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी दांडा फिरवला. मला त्याला थांबवायचं होतं, बाकी काही डोक्यात नव्हतं. डोक्यावर घातला असता तर मेला असता, तेवढी अक्कल राहिली म्हणून खाली घातला. नडगीवर. सुजलेल्या त्याच नडगीवर. मनगटाचा आवाज मी ऐकला होता, हा त्याहून मोठा होता.

तो बाजूला कोसळला. त्याच्या हातातून एक बूट सुटला, भावजयीच्या खांद्यावर पडला आणि तिथून जमिनीवर. सुटकेसच्या मागून नाडी बाहेर लोंबत होती, ती त्याला दिसली होती.

तो ओरडला नाही. नडगी मध्येच वाकडी झाली होती, तिला धरून तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. तोंड पांढरंफटक.

"बूट घेत होतो, ताई," तो म्हणाला. "नुसता बूट घेत होतो."

त्याने उठून मला बदडलं असतं तरी मला त्यापेक्षा बरं वाटलं असतं. भावजयीने तोंडावरचे हात खाली घेतले. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हुंदका फुटला. चार वर्षांपूर्वी मनगट मोडल्यावर रडली नव्हती ती बाई त्या दिवशी जमिनीवर बसून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडली.

हॉस्पिटलात घण्याने सांगितलं, "साइटवर दगड पडला." डॉक्टरांनी हाडात सळई घातली, वरून प्लास्टर केलं, सहा महिने पळणं बंद म्हणाले. त्याला शनिवारी घरी आणलं. दोन दिवस कुणी मला एक शब्द बोललं नाही. मीही म्हटलं, रागावलेत, ओसरेल. चूक झाली माझी, पण कुणासाठी झाली? त्या घरात वर गेलेल्या हाताचा दुसरा अर्थ कुणाला माहीत होता? तिनेसुद्धा तोंड झाकलंच होतं ना?

रविवारी सकाळी घण्या प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून घड्याळासमोर बसला होता. सहाला म्हणाला, "सुटले." थोड्या वेळाने, "आता पहिलं पाणी." मग, "आता पुलाचा चढ." टेबलापाशी भाची गृहपाठ करत होती. आठ वाजता तो म्हणाला, "एकवीस झाले असते," आणि तेव्हा भावजयीने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच बोलली.

"ताई, तुम्ही दुसरी जागा बघा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"मी दारात सांगितलं होतं. या घरात हात उठला की मी थांबणार नाही. पण या वेळी मी का जाऊ? ते का जातील? चार वर्षांत त्यांनी घरात कुणावर हात उचलला नाही. तुम्ही उचललात. पोरीवर तर किती वेळा, मी मोजायचं सोडलं."

"धपाट्याला हात म्हणतात का? अगं, तुला वाचवायला गेले मी!"

"माहीत आहे."

"हे माझ्या बापाचं घर आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी घण्याकडे वळले. म्हटलं, हा तरी बोलेल. लहानपणी याच्या वाटचा पट्टा मी खाल्लाय. तो घड्याळाकडेच बघत होता. मग मान वळवून म्हणाला, "ताई, ती बरोबर बोलतेय. तू मलाही मारायचीस. बापापेक्षा तुझंच जास्त लागायचं."

माझं डोकं भणभणलं. एवढं करून हे ऐकायचं? माझा हात वर गेला, कुणावर ते मलाही सांगता येणार नाही.

कुणी ओरडलं नाही. भाची खुर्चीवरून उतरली, वही-पेन्सिल उचलली आणि टेबलाखाली जाऊन बसली. घाई नाही, रडणं नाही. वही गुडघ्यावर ठेवून ती उरलेली ओळ लिहायला लागली. तिथे खाली तिची एक छोटी उशी होती. ती तिथे कधीपासून होती, देव जाणे. मी त्याच टेबलावर रोज जेवत होते.

मी हात खाली घेतला. टेबलाखालून भाचीने विचारलं, "झालं का, आत्या?"

"झालं," मी म्हणाले, आणि मशीन हलवायला टेम्पोवाल्याला फोन लावला.